हवेचा पंचनामा जमिनीवरच होतो

‘उपग्रह रोज सबंध देशावरून जातो, मग गावोगावी महागडी यंत्रे बसवून हवा मोजायची कशाला?’ हवेच्या प्रदूषणावरची चर्चा हल्ली या प्रश्नापाशी हमखास येते. विचारणारी माणसे अभ्यासू असतात, त्यामुळे त्यांचा मुद्दा आधी त्यांच्याच बाजूने नीट मांडला पाहिजे. देशात अखंड चालणारी सरकारी हवामापन केंद्रे पाचशेच्या थोडी वर आहेत आणि जवळपास सगळी शहरांत आहेत. खेडी सहा लाखांच्या घरात. एक केंद्र उभे करायचे म्हणजे यंत्राची किंमत, मग वीज, माणूस, सुटे भाग, दुरुस्ती. याउलट नासाचा टेरा उपग्रह डिसेंबर १९९९ पासून आणि अ‍ॅक्वा मे २००२ पासून कक्षेत आहे. त्यांच्यावरच्या मोडिस या उपकरणाने दोन दशकांहून अधिक काळाची नोंद जमवली आहे, ती कुणालाही फुकट मिळते, आणि तिच्यातून आता एक-एक किलोमीटरच्या चौकटींचे नकाशे निघतात. राहिलेली कसर संगणकीय प्रारूपे भरून काढतात. तेव्हा पैसा तिकडे लावा, यंत्रांच्या मागे लागू नका, असा हा युक्तिवाद आहे.

तो चुकीचा आहे, आणि धोरणकर्त्यांना सोयीचा असल्यामुळे धोकादायकही आहे. उपग्रह हवेतले कण मोजतो, हे त्याचे गृहीतक आहे आणि तिथेच तो ढासळतो. मोडिस मोजते तो प्रकाश. सूर्याचे किरण खाली येतात, काही हवेतल्या धुरा-धुळीवरून परततात, काही जमिनीवरून परततात, आणि वर बसलेल्या उपकरणाला दोन्ही एकत्रच मिळतात. त्यातला हवेचा वाटा किती आणि जमिनीचा किती हे ठरवायला जमीन किती उजळ आहे ते आधी ठाऊक असावे लागते. योराम कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यावर सुंदर तोड काढली. २.१ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशाला धुराचे बारीक कण फारसे अडवत नाहीत, म्हणून त्या तरंगलांबीवर जमीन स्वच्छ दिसते. आणि दाट झाडीवर तांबड्या प्रकाशातली उजळी त्याच्या साधारण निम्मी, निळ्यातली पाव असते. हा आडाखा जंगलावर उत्तम चालतो. एप्रिलमधल्या मराठवाड्यावर तो चालवून पाहा. नांगरून टाकलेली काळी रानं, वाळलेलं गवत, उघडा पडलेला काळा कातळ, मधेच उसाचा हिरवा पट्टा. जमिनीच्या परावर्तनाचा अंदाज ०.०१ ने चुकला तर कणभाराच्या आकड्यात सुमारे ०.१ ची चूक शिरते, हे ही पद्धत घडवणाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे. उजळ जमिनींसाठी पुढे ‘डीप ब्लू’ ही वेगळी पद्धत आली, नंतर ‘मायॅक’ आली. प्रत्येकीने काही गृहीतके सुधारली आणि काही नवी घेतली. शिवाय कण धुराचे की धुळीचे, प्रकाश गिळणारे की विखुरणारे, हेही प्रदेश आणि ऋतू पाहून गृहीतच धरावे लागते.

म्हणजे नकाशावर दिसणारा आकडा हे अनुमान असते. अनुमान असणे हा दोष नाही. पण अनुमान तपासायला त्याच गृहीतकांवर उभे नसलेले दुसरे काही तरी लागते, आणि ते जमिनीवरच मिळते.

सन फोटोमीटर हे ते यंत्र. ते थेट सूर्याकडे पाहते. वातावरणाच्या माथ्यावर किती प्रकाश पोचतो ते त्याला आधीच ठाऊक असते, कारण हवाईतल्या मौना लोआसारख्या उंच, स्वच्छ जागी त्याचे प्रमाणन झालेले असते; खाली किती पोचला ते ते मोजते; मधे जो हरवला त्यातून वायूंचा हिशेब वजा केला की उरतो तो कणांचा. या मापाला एओडी म्हणतात. एओडी १ असेल तर सरळ येणारा सूर्यप्रकाश सुमारे ३७ टक्क्यांवर येतो, ०.५ असेल तर ६१ टक्क्यांवर. या हिशेबात जमिनीच्या रंगाचा संबंधच येत नाही, कणांचा प्रकार गृहीत धरावा लागत नाही, म्हणून चूक ०.०१ ते ०.०२ च्या आसपास राहते. ब्रेंट होल्बन यांनी १९९० च्या दशकात नासाच्या गॉडर्ड केंद्रातून अशा यंत्रांचे जगभर जाळे विणले, तेच एरोनेट. कानपूरच्या आयआयटीत त्याचे केंद्र २००१ पासून आहे, पुण्यात पाषाणच्या आयआयटीएममध्ये २००४ पासून. आणि आपण यासाठी नासाची वाट पाहत बसलो नव्हतो. तिरुअनंतपुरमच्या स्पेस फिजिक्स लॅबोरेटरीने १९८० च्या दशकातच स्वतःचा बहुतरंगी रेडिओमीटर बनवून देशात ठिकठिकाणी बसवायला सुरुवात केली होती. त्यातूनच पुढे इस्रोचे आर्फिनेट उभे राहिले. मोडिस अवकाशात गेले तेव्हा या नोंदींना दशकाहून अधिक वर्षे झाली होती.

आता या दोन मापांची तुलना केली की काय हाती लागते? मोडिसच्या शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या निष्कर्षांसाठी अपेक्षित चुकीची मर्यादा स्वतःच जाहीर केली आहे: ०.०५ अधिक एओडीच्या १५ टक्के, दोन्ही बाजूंना. खरा आकडा ०.२ असेल तर ही चूक ०.०८ होते, म्हणजे मोजलेल्या गोष्टीच्या ४० टक्के. आणि या मर्यादेत सुमारे दोन-तृतीयांश नोंदी बसाव्यात एवढीच अपेक्षा आहे, एक-तृतीयांश बाहेर पडणार हे गृहीतच आहे. ही प्रामाणिक माणसांची प्रामाणिक नोंद आहे, मला तिचा आदर आहे. पण तोच आकडा वर्तमानपत्रात ‘अमुक शहराची हवा तमुक शहरापेक्षा वाईट’ असा छापला जातो तेव्हा ही मर्यादा वाटेतच कुठे तरी गळून पडते. दोन शेजारच्या जिल्ह्यांत ०.०५ चा फरक दाखवणारा रंगीत नकाशा त्या दोन जिल्ह्यांविषयी काहीच सांगत नसतो.

टेराची हकीकत तर या वादात प्रत्येकाने वाचावी. टेरा आणि अ‍ॅक्वा या दोघांवर एकाच घडणीचे मोडिस आहे. एक सकाळी साडेदहाच्या सुमारास जात असे, दुसरा दुपारी दीडच्या. काही वर्षांनी दोघांच्या नोंदी वेगळ्या दिशांना जाऊ लागल्या. टेराच्या आकड्यांत जमिनीवरचा कणभार वर्षागणिक घटताना दिसे, अ‍ॅक्वाच्या आकड्यांत तसे काही नव्हते. केवळ उपग्रहच असते तर या दोघांतला खरा कोण हे कुणी सांगितले असते? एकावर विसंबून कुणी जगाची हवा सुधारल्याचा प्रबंध लिहिला असता, दुसऱ्यावर विसंबून कुणी तो खोडला असता. निवाडा झाला तो एरोनेटच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर. टेराचे आकडे सुरुवातीच्या वर्षांत खऱ्यापेक्षा जास्त आणि २००४ नंतर कमी येत होते, कारण अवकाशातल्या उन्हाने आणि किरणांनी उपकरणाची संवेदना हळूहळू बदलत गेली होती. मग प्रमाणन दुरुस्त झाले आणि संपूर्ण नोंद नव्याने काढण्यात आली. ज्या वीस वर्षांच्या अखंड नोंदीचा दाखला देऊन जमिनीवरची यंत्रे अनावश्यक ठरवली जातात, ती नोंद विश्वासार्ह झाली आहे ती या यंत्रांमुळेच. प्रत्येक नवा उपग्रह म्हातारा होणार आहे. इस्रोचे इन्सॅट-३डी, ३डीआर आणि २०२४ साली गेलेले ३डीएसही त्याला अपवाद नाहीत.

यावर एक उत्तर ठरलेले असते: ‘झाली की पडताळणी! शेकडो शोधनिबंध आहेत, सहसंबंध ०.८-०.९ चे येतात, आता पुन्हा पुन्हा तेच कशाला?’ या उत्तराचा मी थोडा विस्ताराने समाचार घेणार आहे, कारण ‘पडताळणी झाली’ या दोन शब्दांखाली फार काही झाकले जाते.

पडताळणीची जी रीत रूढ झाली तीत केंद्राभोवती साधारण ५० गुणिले ५० किलोमीटरची चौकट धरतात, तीतल्या उपग्रहाच्या आकड्यांची सरासरी काढतात आणि उपग्रह डोक्यावरून जाण्याआधीच्या व नंतरच्या अर्ध्या तासातल्या यंत्राच्या नोंदींच्या सरासरीशी ताडतात. हवा वाहते, म्हणून ही रीत समजण्यासारखी आहे. पण पाषाणभोवती अशी चौकट काढा. पश्चिमेला पौड, पूर्वेला लोणी काळभोर, उत्तरेला आळंदी, दक्षिणेला सिंहगड एवढे सगळे तीत येते. खडकवासल्याचे पाणी, पिंपरी-चिंचवडचे कारखाने, डोंगरउतार, भाताची खाचरे, खडीचे क्रशर यांची एक सरासरी. ती पाषाणच्या एका यंत्राशी जुळली म्हणजे मोठ्या प्रदेशावरचा अंदाज बरा आहे एवढे कळते. भोसरीच्या एका वस्तीवरचा एक किलोमीटरचा चौकोन बरोबर आहे, असे तिच्यातून मुळीच निघत नाही. आणि सहसंबंध चांगला असूनही आकडे सतत एका बाजूला झुकलेले असू शकतात. सहसंबंधाला तो कल दिसत नाही.

याहून गंभीर गोष्ट दिवसांच्या निवडीची आहे. ढगातून उपग्रहाला एओडी काढता येत नाही. सन फोटोमीटरलाही सूर्य दिसावा लागतो. म्हणजे दोघांची गाठ पडते ती फक्त निरभ्र दिवसांत, उजेडी. जून ते सप्टेंबर कोकण आणि मुंबईवरची पाटी जवळजवळ कोरी असते. गंगेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत दाट धुके आणि धूर एकत्र बसतात तेव्हा संगणकाचा गाळणी-नियम त्याला पुष्कळदा ढग समजून वगळतो. ज्या दिवशी हवा सर्वांत घाण, तो दिवसच हिशेबाबाहेर. उपग्रह आणि फोटोमीटर यांचे एकमत हे चांगल्या दिवसांपुरतेच आहे, आणि तेवढ्यावर वर्षाची सरासरी काढली जाते. ते रिकामे दिवस भरायला ढगाखाली, धुक्यात, रात्री चालणारे यंत्र लागते. असे यंत्र आकाशात नाही.

आता मुख्य गोष्ट. माणूस एओडी श्वासात घेत नाही. तो पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण घेतो, आपल्या नाकाच्या उंचीवरचे. एओडी हा जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतचा सगळा हिशेब आहे. मार्च ते मे या काळात थरच्या आणि अरबस्तानच्या वाळवंटातली धूळ दोन-तीन किलोमीटर उंचीवरून येते. तेव्हा एओडी चढते आणि खालची हवा त्या मानाने बरी असू शकते. उलट हिवाळ्यात रात्री हवेचा मिसळणारा थर दोन-तीनशे मीटरवर दबतो आणि सगळा धूर त्यातच कोंडतो. चंद्रपूर घ्या. २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळसा खाणी, आणि थंडीत पेटणाऱ्या शेकोट्या-चुली. तिथले माणूस पहाटे जी हवा घेते ती दुपारी दीडला उरलेली नसते, थर तोवर किलोमीटरभर किंवा त्याहून वर चढून धूर पातळ झालेला असतो. अ‍ॅक्वा नेमका तेव्हा जात आला आहे. किनाऱ्यावर आणखी एक अडचण. दमट हवेत मिठाचे आणि सल्फेटचे कण पाणी शोषून फुगतात आणि जास्त प्रकाश विखुरतात. उपग्रहाला ते फुगलेले दिसतात, जमिनीवरचे यंत्र मात्र हवा तापवून, कण सुकवून मोजते. मुंबईत तर खाडी, खारफुटी आणि इमारती एकाच चौकोनात येतात, आणि पाणी व जमीन मिसळलेला चौकोन हा कुठल्याही पद्धतीला अवघडच जातो.

हे सगळे पार करून एओडीवरून पीएम २.५ काढतात ते रासायनिक प्रारूपांच्या आणि यंत्र-शिक्षणाच्या आधारे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सेंट लुईस येथील गटाचे जागतिक नकाशे किंवा आयआयटी दिल्लीत तयार झालेली एक किलोमीटरची भारतीय नोंद ही या क्षेत्रातली मोलाची कामे आहेत. पण ती घडताना जमिनीवरच्या केंद्रांच्या आकड्यांवर बेतली जातात, हे विसरता कामा नये. केंद्रे शहरांत, म्हणून प्रारूप शिकते ते शहराच्या हवेवर. मग ते वापरले जाते खेड्यावर, जिथे वाहने थोडी, चूल जास्त, पाचट जाळण्याचे दिवस वेगळे. चाचणीसाठी काही नोंदी सरमिसळ करून बाजूला ठेवतात, पण त्याच केंद्राच्या दुसऱ्या दिवसांच्या नोंदी शिकवणीत असतील तर ती परीक्षा सोपीच असते. एखादे केंद्रच्या केंद्र बाजूला ठेवून पाहिले की गुण उतरतात. जिथे उपग्रहाशिवाय दुसरे काहीच नाही, नेमके तिथे त्याचा आकडा कुणी तपासलेला नसतो. ‘खेड्यांत केंद्रे नाहीत म्हणून उपग्रह पुरे’ या वाक्याचा खरा निष्कर्ष ‘खेड्यांत केंद्रे बसवा’ असाच निघतो.

सेंट लुईसच्या त्या जागतिक नकाशांमागचे एक प्रमुख शास्त्रज्ञ रँडल मार्टिन यांनी स्वतःच जमिनीवर ‘स्पार्टन’ हे जाळे उभारले आहे. सन फोटोमीटरच्या शेजारीच गाळणीवर कण पकडून त्यांचे वजन आणि रसायन तपासायचे, म्हणजे एओडी आणि पीएम २.५ यांचे नाते प्रत्यक्ष मोजता येते. कानपूर त्यातले एक ठिकाण आहे. नकाशे बनवणाऱ्यांनाच यंत्रांची गरज वाटते आणि नकाशे वाचणारे ती नाकारतात, ही विसंगती माझ्या प्रतिपक्षाने कधी तरी समजावून सांगावी.

२०२४ च्या शरद ऋतूत घडले ते तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पंजाबात भातकापणीनंतर शेतात आगी लावण्याच्या घटना २०२१ मध्ये ७१,३०४ मोजल्या गेल्या होत्या. २०२४ मध्ये त्या १०,९०९ वर आल्या. हे यश म्हणून मिरवले गेले. ही मोजणी मुख्यतः ठरावीक वेळी वरून जाणाऱ्या उपग्रहांची. नासाचे हिरेन जेठवा यांनी कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रे पाहिली तेव्हा दुपारच्या त्या फेरीनंतर पेटलेल्या आगींचा धूर त्यांना दिसला, आणि हवेतला कणभार आगींच्या संख्येइतका मुळीच घटलेला नव्हता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीची हवा ‘गंभीर’ श्रेणीच्या वरच्या टोकाला पोचली. दिल्लीचे प्रदूषण एकट्या पंजाबामुळे नसते, हे खरे. आगी काही प्रमाणात कमी झाल्याही असतील. पण आगींचा आकडा साडेसहापटीने उतरल्याची बातमी हवेशी ताडून न पाहता धोरणात शिरली, हे भयंकर आहे. उपग्रहाच्या फेरीची वेळ पाठ होणे काही कठीण नाही, आणि जमिनीवरचे चोवीस तास चालणारे यंत्र असे चुकवता येत नाही.

दुसऱ्या टोकालाही एक मंडळी आहेत, त्यांना थोडक्यात उत्तर देतो. परदेशी संस्थेने उपग्रहावरून भारताची हवा वाईट दाखवली की ‘हे आकडे जमिनीवर तपासलेले नाहीत’ असे म्हणून ती मोडीत काढायची, हा त्यांचा शिरस्ता. तपासलेले नाहीत, तर तपासा. २००२ साली ‘एशियन ब्राउन क्लाउड’चा, म्हणजे आशियावरच्या तपकिरी धुराच्या थराचा, अहवाल गाजला तेव्हा जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ या शास्त्रज्ञांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर कठोर टीका केली. त्यानंतरच्या वर्षांत भारतीय शास्त्रज्ञ मोजायला बाहेर पडले; इस्रोने २००६ च्या मार्च ते मे महिन्यांत जमीन, जहाज आणि विमान यांवरून एकाच वेळी मापन करणारी इकार्ब ही मोठी मोहीम काढली. शंकेला मापनाने भिडायची ही रीत आहे. केंद्रे वाढवायची नाहीत आणि केंद्रे नाहीत म्हणून आकडे मानायचे नाहीत, हा निव्वळ पळपुटेपणा आहे.

आणि जमिनीवरचे यंत्र म्हणजे ब्रह्मवाक्य, असेही मी म्हणत नाही. ते एका जागेचे सांगते, पावसाळ्यात बिघडते, झाडाखाली किंवा रस्त्याला खेटून बसवले तर फसवते. वर्षा-दीड वर्षाने प्रमाणनासाठी पाठवले नाही तर सन फोटोमीटरही भरकटतो. म्हणूनच एका ठिकाणी सन फोटोमीटर आणि पीएम २.५ मोजणारे अशी दोन्ही प्रकारची यंत्रे हवीत आणि अशी ठिकाणे बरीच हवीत. कानपूरवर जुळले म्हणजे देशावर जुळले, या समजुतीवर आपण दोन दशके काढली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या दूतावासांच्या हवामापनाचे आकडे जाहीर करणे पैशांचे कारण देऊन थांबवले, आणि मुंबईसह भारतातल्या पाच शहरांतला एक स्वतंत्र स्रोत एका दिवसात बंद पडला. एरोनेटही मुळात अमेरिकी तिजोरीच्या आधाराने चालते.

म्हणून माझी मागणी अशी. मराठवाडा आणि विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्यात एक तरी जोडकेंद्र गावात उभे राहावे, शहरात नव्हे: सन फोटोमीटर आणि त्याच्या शेजारी पीएम २.५ चे यंत्र, कृषी विद्यापीठांच्या संशोधन केंद्रांच्या आवारात. तिथे जागा आहे, हवामानाच्या नोंदी ठेवायची सवय आहे, माणसे आहेत. दर तासाचे मूळ आकडे, बंद पडलेल्या तासांसह, सर्वांना खुले असावेत. आणि तोवर उपग्रहावरून काढलेला पीएम २.५ चा नकाशा जो कुणी छापेल, मग ते मंत्रालय असो, विद्यापीठ असो की वर्तमानपत्र, त्याने प्रत्येक जिल्ह्याच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे छापावेत: वर्षातल्या किती दिवसांची नोंद खरोखर मिळाली, आणि सर्वांत जवळचे जमिनीवरचे यंत्र तिथून किती किलोमीटरवर आहे.